सिव्हिलची इंटर्नशिप बागेत आणि वनात : नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

इंटर्नशिपचे दिवस आले की सिव्हिलची बहुतेक मुलं एकाच वाटेनं निघतात. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड किंवा आडगावच्या बाजूला कुठेतरी टॉवर उभा राहत असतो, ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर असतो, तिथे जाऊन सळया मोजायच्या, काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरताना फोटो काढायचे आणि शेवटी सर्टिफिकेट घ्यायचं. त्यात वाईट काही नाही. पण त्या साइटवर तुमच्याआधीच दोन इंजिनिअर, एक सुपरवायझर आणि तुमच्यासारखेच चार इंटर्न असतात. तुम्ही गेलात काय आणि न गेलात काय, स्लॅब भरायचा तो भरला जातोच.

बागा, वनक्षेत्रं आणि अभयारण्यांचं उलट असतं. तिथे स्थापत्याचे प्रश्न पावलोपावली आहेत: उखडलेल्या पायवाटा, तुंबलेल्या मोऱ्या, फुगलेल्या काळ्या मातीनं वाकलेले कठडे, गाळानं भरलेली वनतळी. लेव्हल (उंचसखलपणा मोजायचं दुर्बिणीचं उपकरण) लावून ते मोजायला मात्र सहसा कुणी मोकळं नसतं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केलेलं नीटस मोजमापसुद्धा तिथे खरोखर कामी येतं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कामात तुमचा मुख्य विषय बांधकाम नसून पाणी असणार आहे. ते कुठून येतं, कुठे अडतं, काय वाहून नेतं, एवढं कळलं की निम्मी कामं आपोआप समोर येतात आणि काही बांधकामं करायचीच नाहीत हेही कळतं.

कुठे अर्ज करायचा

सगळ्यात सोपा दरवाजा महापालिकेच्या उद्यान विभागाचा. शिवाजी उद्यानापासून प्रमोद महाजन उद्यानापर्यंत आणि प्रत्येक कॉलनीतल्या छोट्या बागेपर्यंत या विभागाचा पसारा आहे. घराजवळ काम, सिटीलिंक बसनं जाता येतं, परवानगीलाही फार फेऱ्या पडत नाहीत. डिप्लोमाच्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी. तोटा एकच. काय करायचं हे तुम्ही ठरवून गेला नाहीत तर तुम्हाला झाडं मोजायला लावतील, आणि सहा आठवडे तेच चालेल.

दुसरा दरवाजा वनविभागाचा. नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम असे प्रादेशिक वनविभाग आहेत. टेकड्यांवरची रोपवनं, सलग समतल चर (पाणी मुरवायला समपातळीत खोदलेले), अनगड दगडांचे बांध, वनतळी ही सगळी कामं त्यांच्याकडे. म्हसरूळकडचा बोरगड २००८ साली राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला, अंजनेरीला तो दर्जा २०१७ मध्ये मिळाला. उतारावरची माती आणि पाणी शिकायचं असेल तर या दोन जागांना तोड नाही. अंजनेरीत तर रस्ता न बांधणं हाही अभियांत्रिकीचा प्रश्न असू शकतो हे समजतं. मुळेगावाकडून डोंगरावर रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला निसर्गप्रेमींनी विरोध केला होता. गिधाडांचे कडे आणि अंजनेरीच्याच नावानं ओळखली जाणारी सेरोपेजिया ही दुर्मीळ वनस्पती, दोन्हींना खोदकामाचा धोका होता.

तिसरी जागा निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. शहरापासून चाळीसएक किलोमीटर. हे वन्यजीव विभागाकडे येतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात दगडी बंधारा घातला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीनं साठा घटला, पण त्याच गाळावर १९८६ साली अभयारण्य झालं आणि पुढे राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून २०२० च्या जानेवारीत तिचं नाव जाहीर झालं. गाळाला फक्त शत्रू समजणाऱ्या जलसिंचनाच्या पुस्तकावर इतकं चांगलं उत्तर मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वन उद्यान हाही चांगला पर्याय आहे. मात्र इथे एक मेख आहे. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची, वन उद्यान वनविकास महामंडळाकडे, शेजारचं दादासाहेब फाळके स्मारक महापालिकेचं. टेकडी एक, मालक तीन. वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला या हद्दी ठाऊक नसतात, पण तुमच्या अर्जाला असतात. त्यामुळे कुठल्याही जागेचा विचार करताना पहिलं काम नकाशा काढण्याचं नाही, हद्द कुणाची हे विचारण्याचं.

गोदाघाट आणि तपोवन मी सध्या सुचवणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत तिथले सगळे विभाग बुडालेले आहेत, तपोवनातल्या झाडांवरून वादही झाला आहे, आणि विद्यार्थ्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नाही. मात्र रविवारी सकाळी एकट्यानं रामकुंडापासून चालत जा आणि पाहा. नदीपात्रात ओतलेल्या काँक्रीटखाली जुनी कुंडं कशी गेली, नंतर काही भागातलं काँक्रीट का फोडावं लागलं, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या सहा आठवड्यांत तुमचा हात सिमेंटच्या गोणीकडे जरा उशिरा जाईल.

कॉलेजचं आधी उरकून घ्या

इंटर्नशिप कोणत्या सत्रात, किती क्रेडिटची, किती आठवड्यांची हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या पॅटर्नवर अवलंबून आहे. विद्यापीठाचा जुना पॅटर्न, नवा पॅटर्न आणि स्वायत्त कॉलेजांचे नियम सारखे नाहीत. सिनियरनं काय केलं यावर विसंबू नका. विभागातल्या इंटर्नशिप कोऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना भेटून तीन गोष्टी लेखी घ्या: सरकारी कार्यालयातली इंटर्नशिप चालेल का, किमान तास किती, आणि लॉगबुकवर सही कुणाची लागते. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वनखात्यात तुमच्यासोबत रोज वनरक्षक असेल आणि कॉलेजला सही कदाचित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची (आरएफओ) हवी असेल.

कॉलेजच्या सर्व्हे लॅबमधून ऑटो लेव्हल मिळेल का हेही तेव्हाच विचारा. बाहेर न्यायला लॅब असिस्टंट काका नाखूष असतात, त्यांना एचओडींच्या सहीचं पत्र लागतं. नाही मिळालं तर निराश होऊ नका. त्याचा उपाय पुढे येतो.

अर्ज असा लिहा

सरकारी कार्यालयात अर्ज मराठीतच द्या. आणि "मला अनुभव मिळावा" असं लिहू नका. तुम्हाला अनुभव मिळावा ही त्या कार्यालयाची गरज नाही. त्यांना काय मिळेल ते लिहा. उदाहरणार्थ:

"मा. उपवनसंरक्षक यांस. विषय : स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपची परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. आपल्या परिक्षेत्रातील पायवाटांची धूप व पावसाच्या पाण्याचा निचरा यांची मोजणी करून नकाशे, आडवे छेद आणि अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा विनामूल्य तयार करून देण्याची माझी इच्छा आहे. मोजणीसाठी महाविद्यालयाची उपकरणे वापरेन. कोणतेही खोदकाम करणार नाही व कोणत्याही वनस्पतीस इजा पोहोचवणार नाही. महाविद्यालयाचे शिफारसपत्र, अपघात विम्याची प्रत आणि पालकांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे."

एवढं पुरे. दोन प्रती न्या, एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. हा क्रमांक नसेल तर पंधरा दिवसांनी तुमचा अर्ज कुठे आहे हे कुणीच सांगू शकत नाही. पोच घेतल्यावर आठवड्यानं फोन करण्यापेक्षा स्वतः जाऊन विचारा. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आत शिरायलाच परवानगी लागते, तेव्हा दोन महिने आधी हालचाल करा. मानधनाची अपेक्षा ठेवू नका, जाण्यायेण्याचा आणि डब्याचा खर्च घरातूनच होणार हे आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

वेळ कोणती? उतारावरच्या कामाला मे आणि जून सोन्यासारखे. मे महिन्यात गवत वाळलेलं असतं, जमीन उघडी दिसते, मोजणी झटपट होते. आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला की तुमच्या आकडेमोडीची परीक्षा तिथल्या तिथे. नांदूर मध्यमेश्वरला मात्र हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. तेव्हा तिथे रेंजिंग रॉड (मोजणीची रंगीत काठी) घेऊन काठाकाठानं फिरणं बरं नाही. तिथलं मोजणीचं काम उन्हाळ्यात करा, हिवाळ्यात जायचंच असेल तर पर्यटकांच्या वाटा आणि मनोऱ्यांपुरतं राहा.

पहिले चार दिवस उपकरण बाहेर काढू नका

फक्त चाला. माळीकाका, वनमजूर, वनरक्षक दादा किंवा ताई जे कुणी असतील त्यांच्यासोबत. एकच प्रश्न विचारायचा: पावसात इथे पाणी कुठे साचतं? बागेत वीस वर्षं काढलेले माळीकाका काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवतात, आणि ती रेघ तुमच्या काँटूर मॅपवर (समान उंचीच्या रेषांच्या नकाशावर) तंतोतंत उतरते. आरएफओ साहेबांना किंवा मॅडमना दर सोमवारी पाच मिनिटं भेटा, पण माहितीचा खजिना खालच्या माणसांकडे असतो. त्यांना नावानं हाक मारू नका, काका, दादा, ताई म्हणा. आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्या देखत वहीत लिहा.

या चार दिवसांत पाण्याच्या खुणा वाचायला शिका. झाडाच्या बुंध्याभोवती मुळं उघडी पडली असतील तर तिथली माती गेली. वाटेच्या मधोमध घळ पडली असेल तर वाट नाल्याचं काम करतेय. फरसबंदीवर मातीचा पातळ थर असेल तर वरून गाळ येतोय. भिंतीवर तळाशी ओल्या डागाची आडवी रेघ असेल तर तिथे पाणी थांबतं. फोटो काढताना प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा, आणि फोटोचा क्रमांक हातानं काढलेल्या नकाशावर लिहा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात चारशे फोटो असतात आणि कोणता कुठला ते कळत नाही.

मोजणी

जागा लहान ठेवा. पूर्ण टेकडी मोजायची हाव धरली की काहीच पुरं होत नाही. एक पायवाट, तीनशे मीटरची. किंवा एक बाग, तिचा निचरा. किंवा एक वनतळं आणि त्याच्या वरचं पाणलोट. एवढंच.

ऑटो लेव्हल असेल तर सगळ्यात आधी कायमचा बेंचमार्क, म्हणजे ज्यापासून सगळ्या उंच्या मोजायच्या तो बिंदू, ठरवा: मनोऱ्याची पायरी, गेटच्या खांबाचा चौथरा, असं काहीतरी जे पुढच्या वर्षीही असेल. लूप पूर्ण करून बेंचमार्कवर परत या. साध्या कामाला २४ गुणिले अंतराच्या किलोमीटरचं वर्गमूळ, इतके मिलिमीटर फरक चालतो. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या लूपला साधारण १७ मिलिमीटर. त्याहून जास्त आला तर पुन्हा. रात्री घरी बसून आकडे "जुळवू" नका. त्या आकड्यांवर उद्या कुणी पाइप टाकेल.

लेव्हल नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी चालते. उतारावर समपातळी रेषा आखायला पाणलोटाच्या कामात हायड्रोमार्कर (दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची नळी) किंवा ए-फ्रेम (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) वापरतात, ती तुम्ही स्वतः दोन तासांत बनवू शकता. मोबाइलच्या जीपीएसवर मात्र उंचीसाठी भरवसा ठेवू नका. जागा दाखवायला तो ठीक, उंचीला नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उतरवलेल्या ३० मीटरच्या उपग्रह-उंचीच्या आकड्यांचंही तसंच. पाणलोटाची हद्द काढायला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी, बागेच्या निचऱ्याला निरुपयोगी. ड्रोनचा विचार तर सोडूनच द्या. देवळालीची लष्करी छावणी, ओझरचा विमानतळ आणि अभयारण्याचे नियम मिळून नाशिकच्या आसपास परवानगीचाच एक प्रकल्प होईल.

पायवाटेची धूप मोजायची एक साधी रीत आहे आणि मला ती कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा आवडते. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, दोरी ताणून पाणसळीनं आडवी करा आणि दर १० सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली मोजा. आडवा छेद मिळाला. समजा मूळ पातळीच्या खाली ०.०५ चौरस मीटर माती गेलेली आहे आणि ४० मीटर लांबीत हीच अवस्था आहे. म्हणजे २ घनमीटर माती गेली, वजनात तीन टनांहून जास्त. हा आकडा आरएफओंसमोर ठेवला की "वाट जरा खराब झालीय" हे वाक्य एकदम गंभीर होतं. खुंट्या तशाच राहू द्या, पावसाळ्यानंतर तुम्ही किंवा पुढचा विद्यार्थी तिथेच पुन्हा मोजू शकेल.

वाट आखण्याचा नियम लक्षात ठेवा: वाटेचा उतार टेकडीच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. टेकडीचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. त्याहून चढी झाली की पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेनंच धावतं. सरळ खाली उतरणारे शॉर्टकट याच कारणानं दोन पावसाळ्यांत घळी होतात. उपाय बहुतेक वेळा काँक्रीटच्या पायऱ्या हा नसतो. वाटेला बाहेरच्या बाजूला तीन ते पाच टक्के कल, ठरावीक अंतरावर हलका चढ-उतार, आणि जिथे पाणी वाटेवर येतंच तिथे तिरके दगडी आडबांध. शॉर्टकट बंद करायला काटेरी फांद्या आणि मोठे धोंडे पुरतात. लोखंडी रेलिंगपेक्षा ते टिकतातही.

पाण्याचा हिशेब

वर्गात शिकलेलं रॅशनल सूत्र इथे पहिल्यांदा जिवंत होतं. प्रवाह म्हणजे वाहणी गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा भाग) गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ, भागिले ३६०. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रतिसेकंद.

समजा बागेच्या कुंपणावरून २ हेक्टर उताराचं पाणी आत येतं, गुणांक ०.४ धरला, तीव्रता ताशी ६० मिलिमीटर. उत्तर ०.१३३, म्हणजे सेकंदाला १३३ लिटर. आता १ टक्का उतारावरची ३०० मिलिमीटरची काँक्रीटची नळी पूर्ण भरून साधारण ९७ लिटर वाहून नेते. पुरत नाही. ४५० ची नळी २८५ लिटरपर्यंत जाते. कागदावर काम झालं. पण बागेत पाला, फांद्या, वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या असतात, त्यामुळे मी ४५० वर थांबण्यापेक्षा उघडी दगडी चर सुचवीन. तुंबली तर दिसते आणि माळीकाका फावड्यानं साफ करू शकतात. जमिनीखालची नळी तुंबली की ती पुढच्या पुरापर्यंत कुणाला कळत नाही.

पावसाचा आकडा त्या त्या जागेचाच घ्या. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर इगतपुरीत तीन हजारांच्या वर. त्र्यंबकच्या बाजूच्या अंजनेरीला शहराचा आकडा लावलात तर सगळा हिशेब कोसळेल. दिंडोरी रोडवर आपल्या शहरातच मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं जिचं नुसतं नाव ऐकतात ती संस्था दारात असताना तिथे एकदाही न जाणं हा करंटेपणा. कॉलेजचं पत्र घेऊन जा आणि माती व पाण्याच्या चाचण्या कशा होतात ते पाहून या.

नदीकाठच्या बागांसाठी पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर नाशिककरांच्या आठवणीत आहेत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं हे प्रत्येक जण सांगेल. निळ्या रेषेच्या आत लॉन, बाकडी, वाट चालेल. विजेचं पॅनल, पंपघर किंवा बंदिस्त शौचालय दिसलं तर ते अहवालात ठळकपणे लिहा.

उलट बाजूचा हिशेबही करा. बागेतल्या शौचालय-स्टोअरच्या १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के धरला तर वर्षाला ५६,००० लिटर. बहुतेक बागांना उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर लागते. हा आकडा उद्यान निरीक्षकांना लगेच समजतो.

काळी माती, काळा दगड

नाशिकच्या जमिनीत दोन टोकं आहेत. टेकडीवर बेसॉल्ट आणि मुरूम, निफाडकडे खोल काळी माती. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायानं उभं केलेलं काहीही वाकतं. पक्षीनिरीक्षणाच्या वाटेवरचे कठडे, कमानी, माहितीफलक पाहा. ओळंबा लावा, किती कललेत ते मोजा. मातीचा फ्री स्वेल इंडेक्स (भिजल्यावर माती किती टक्के फुगते तो आकडा) काढा, कॉलेजच्या लॅबमध्ये दोन नळकांडी, पाणी आणि रॉकेलवर होणारी चाचणी आहे ती. ५० टक्क्यांच्या वर गेला तर हलक्या बांधकामालाही अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेला जमिनीतला खांब) किंवा खाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर लागेल. किंवा, आणि हे मला जास्त पटतं, पायाच नको असलेलं काहीतरी: हलवता येणारं लाकडी फलाट, दगडावर टेकवलेलं बाकडं.

पांडवलेणीच्या पायथ्याशी काम असेल तर कायद्याचा एक आकडा पाठ करा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, पुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं ही हद्द १९५८ च्या कायद्यातच आली. तुमच्या नकाशावर या दोन रेषा असल्याच पाहिजेत. आणि वर चढून लेण्यांबाहेरची पाण्याची टाकी जरूर पाहा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात लेण्यासोबत टाकी खोदल्याचाही उल्लेख आहे. कातळावर पडलेलं पाणी कसं वळवून साठवलं हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांकडून शिकायला तिकिटाव्यतिरिक्त फी पडत नाही. जुन्या दगडी कामात सिमेंटनं सांधे भरलेले दिसले तर नोंद करा. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि ओल कोंडून ठेवणारं, त्यामुळे झीज दगडाची होते. तिथे चुनाच हवा. पण स्वतः एक चिराही हलवू नका.

झाडांजवळ खोदण्याआधी

सिव्हिलच्या माणसाकडून झाडाचा सगळ्यात मोठा घात कुऱ्हाडीनं होत नाही, जेसीबीच्या चरानं आणि भरावानं होतो. मुळांच्या संरक्षणासाठी एक ढोबळ नियम वापरतात: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याच्या बारापट त्रिज्येच्या वर्तुळात यंत्रानं खोदायचं नाही. ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला ६ मीटर. नाशिकच्या कॉलनीतल्या बागेत हा नियम पाळायला गेलं की पाइपलाइनला जागाच उरत नाही, हे मान्य. मग हातानं खोदा, जाड मुळाच्या खालून पाइप सरकवा, पण मूळ कापू नका. बुंध्याला खेटून घातलेलं काँक्रीट दिसलं तर निदान एक मीटर बाय एक मीटर मोकळं करायचं सुचवा. आणि बागेची पातळी "उचलण्यासाठी" बुंध्याभोवती दीड फूट मुरूम टाकायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा, मुळं गुदमरतात.

राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. तुमच्या आराखड्यात असा वड किंवा चिंच येत असेल तर रेषा झाडाभोवतून वळवा. कॅडमध्ये ते दहा सेकंदांचं काम आहे.

अंदाजपत्रक

इथे मुलं कंटाळतात आणि इथेच तुमची किंमत ठरते. नकाशा पाहून साहेब "छान" म्हणतात, एस्टिमेट पाहून फाइल उघडतात. बांधकाम खात्याची चालू राज्य दरसूची घ्या, वनखात्याच्या मृद-जलसंधारणाच्या कामांचे मापदंड आणि दर वेगळे असतात ते परिक्षेत्र कार्यालयातून मागा. परिमाणं आधी, दर नंतर. प्रत्येक बाबीपुढे ती नकाशावर कुठे आहे ते लिहा.

टेकडीवरच्या कामात सगळ्यात फसवा खर्च वाहतुकीचा असतो. दरसूचीतला दर साइटपर्यंत ट्रक जातो असं धरतो. अंजनेरीच्या वाटेवर सिमेंटची गोणी डोक्यावरून चढते. ती मजुरी धरली की सुका दगडी बांध एकदम स्वस्त दिसू लागतो. मात्र तिथलाच दगड वापरायचा तर तो कुठून उचलायचा हे आरएफओ ठरवतील. दगडाखाली विंचू, सरडे राहतात आणि त्याच्या फटीत वनस्पती. उतारावरून सरसकट दगड गोळा केले तर माती अडवायला केलेलं कामच माती सैल करतं. कार्यालयात मोजमाप पुस्तिका पाहायला मिळाली तर तासभर बसून वाचा. खाडाखोड कशी करायची नसते, चुकलेली ओळ रेघ मारून सही कशी करतात, हे कुठल्याच पेपरला येत नाही.

सायकलवरून किंवा व्हीलचेअरवरून येणाऱ्यांचाही विचार करा. कितीतरी बागांच्या दारात दुचाकी अडवायला फिरकी गेट असतं आणि त्यातून व्हीलचेअर जात नाही. ९०० मिलिमीटरची मोकळी वाट आणि १:१२ च्या आतला रॅम्प एवढी छोटी बाब एस्टिमेटमध्ये टाका. बहुतेक वेळा हीच सगळ्यात आधी मंजूर होण्यासारखी असते.

जिवाची काळजी

मे महिन्यात साडेसहा ते साडेदहा एवढंच बाहेरचं काम, मग कार्यालयात बसून आकडे. एकट्यानं जायचं नाही. निफाडच्या उसात आणि शहराच्या कडेलाही बिबट्या असतो, अंधार पडायच्या आत परत. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर तिकडे मोजणी नाही, अत्तर-सेंट लावून जायचं नाही, धूर करायचा नाही. वनतळ्यात किंवा बंधाऱ्यात खोली मोजायला उतरायचं नाही, गाळात पाय रुततो. पूर्ण बुटांशिवाय गवतात शिरू नका.

शेवटी काय द्यायचं

कॉलेजचा साठ पानी रिपोर्ट वेगळा आणि कार्यालयाला द्यायचा कागद वेगळा. कार्यालयासाठी ए-थ्री आकाराचे दोन-तीन नकाशे, आडवे छेद, एक पानाचं एस्टिमेट आणि सगळ्यात वर मराठीत एक पान: काय पाहिलं, किती मोजलं, आधी काय करावं, काय करूच नये. वनपालांना आणि माळीकाकांना ते वाचता आलं पाहिजे. "काय करूच नये" हा भाग टाळू नका. सुचवलेल्या सहा कामांपैकी दोन रद्द करण्याची कारणं तुम्ही आकड्यांनिशी दिलीत तर तेवढा निधी दुसरीकडे वळतो. नकाशांच्या मूळ फाइल, केएमएल (गूगल अर्थवर उघडणारी फाइल) आणि बेंचमार्कचं फोटोसह वर्णन पेनड्राइव्हमध्ये द्या, व्हॉट्सअॅपवर नाही, तिथे ते हरवतं.

प्रमाणपत्राचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. त्यात तारखा, एकूण तास आणि केलेल्या कामाचं एक वाक्य असू द्या, "समाधानकारक" एवढ्या एका शब्दावर सही घेऊ नका. आणि घाई करा. सरकारी बदल्यांचे आदेश बहुधा मेअखेरीस निघतात. ज्या साहेबांनी तुम्हाला सहा आठवडे पाहिलं ते जूनमध्ये धुळ्याला किंवा अहिल्यानगरला गेलेले असू शकतात, आणि नव्या साहेबांना तुमचा आवक क्रमांकसुद्धा सापडायचा नाही.